बुधवारचा सेल आणि सिंधूताईची पाटी

किस्से काही कुणी जमवत नाही. डाळीच्या डब्यात तळाला जसा चुरा साठतो, तसे ते आपोआप साठतात. एखाद्या दिवशी डबा उलटा केला की कळतं, अरे, याचंही वरण होईल!

आमचा डबा म्हणजे गोडादऱ्याच्या वस्तीतला सिंधूताईच्या दुकानाचा ओटा. तिथं मी, म्हणजे सगळ्यांचा आबा, आणि भिका आप्पा बसतो. दोघांनीही गाव सोडून इकडे जन्मभर कापडाचे लूम चालवले, त्यामुळे कान अर्धे गेलेत. जोरात बोलायची सवय तेवढी राहिली. आप्पाची बायको गोदावहिनी येता-जाता आम्हाला शिव्या घालते, म्हणून मंडळ पूर्ण!

सिंधूताई विकते लाकडी घाण्याचं तेल, गावठी तूर, काळा गूळ, ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ. नवरा गेल्यापासून एकटीच दुकान चालवते. पण आता कॅनॉल रोडला एसीवालं ऑर्गेनिक दुकान झालंय, त्याचा बुधवारी सेल. पुलाखाली दुसरं झालंय, त्याचा शनिवारी सेल. ताईचं गिऱ्हाईक आटलं. भेस्तानला राहणारा मुलगा रोज फोन करतो, "आई, बंद कर, माझ्याकडे ये." यंदा ताई म्हणाली, "आखाजीपर्यंत बघते. नाहीच चाललं तर त्याच दिवशी शटर ओढते." आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया.

तोंडावर हसत म्हणाली. पण त्या दिवशी तिनं आमचा चहा दोनदा उतू जाऊ दिला.

*

आप्पाला भाव बघायचं भारी वेड. बुधवारी सकाळी एसीवाल्याकडे, शनिवारी पुलाखाली, आणि रोज ताईच्या ओट्यावर बसून दोघांचा निकाल!

एकदा भर उन्हात चालत गेला आणि सेलचा गूळ घेऊन आला. "ताईपेक्षा चार रुपये कमी!" म्हणत पिशवी नाचवू लागला.

मी म्हटलं, "आप्पा, मिशीला फेस कसला लागलाय?"

"ऊन होतं रे. वाटेत उसाचा रस घेतला."

"किती ग्लास?"

"दोनच. मोठे."

"मग वाचलं काय?"

आप्पानं मिशी पुसली. मग म्हणाला, "रस म्हणजे गुळाचा बापच ना! तोही नॅचरल!"

ताईनं शेंगदाणे निवडता निवडता मान खाली घातली. हसत होती का काय, दिसलं नाही.

*

एकदा गोदावहिनीच एसीवाल्याकडे गेली. आमच्याकडच्या बायका दाणा तोंडात टाकून, कडकन फोडून बघितल्याशिवाय ज्वारी घेत नाहीत. वहिनीनं गोणीत हात घातला. तिथली गुजराती मुलगी धावतच आली. हातात प्लास्टिकचे ग्लोव्ह्ज.

"आंटी, टच ना करो! हाइजीन छे!"

वहिनी म्हणाली, "बेन, ज्वारी क्यांथी आवे?"

"सीधी खेतरमांथी!"

"अगं माय! माहेरी शेतात हातानं निंदलं, तेव्हा हे ग्लोव्ह्ज कुठं ठेवले होते तुम्ही?"

दाणा मात्र तिनं फोडलाच. "भिजका आहे," म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून आली. ज्वारी घेतली ताईकडून. पण एकट्या वहिनीच्या ज्वारीवर दुकान थोडंच चालतं?

*

पुलाखालच्या दुकानात शनिवारी वांगी सेलला होती. मी एक उचललं, तर त्याला भोक. दुकानदाराला दाखवलं.

"दादा, कीड़ा है मतलब ऑर्गेनिक है! गारंटी!"

"बरोबर," मी म्हटलं. "मग अर्धं वांगं त्यानं खाल्लंय, अर्धं बिल त्याच्या नावावर कर."

तो इतका हसला की वर कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. मी ओट्यावर येऊन सांगितलं, "पुलाखाली कोथिंबीर फुकट!" पुढच्या शनिवारी गल्लीतल्या बायकांनी त्याच्यापुढे रांग लावली. आता मी दिसलो की तो कोथिंबीर टेबलाखाली ठेवतो.

*

मी ताईला म्हणायचो, "ताई, तुला धंदा येत नाही." खरंच येत नव्हता. एक नवीन बाई तेल घ्यायला आली. विचारलं, "चांगलं आहे ना?"

ताई म्हणाली, "या घाण्याचा वास जरा करपट आलाय. पुढच्या आठवड्यात घ्या."

बाई गेली. मी कपाळाला हात लावला. "असा धंदा करतात?"

"मग कसा करतात?"

"गप्प बसून!"

"मग आबा, तुम्हाला तर तो जन्मात जमायचा नाही."

आप्पा इतका हसला की त्याची कवळी हातात आली. पण आखाजी जवळ येत होती. मुलानं टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं होतं, आणि ताई रिकाम्या डब्यांना आतून फडकं मारायला लागली होती.

*

आता हेल्मेटवाला.

ताई दर मंगळवारी दुकानाबाहेरच्या काळ्या पाटीवर खडूनं भाव लिहिते. त्या दिवशी संध्याकाळी एक माणूस येतो. गाडी कोपऱ्यावर लावतो, पण हेल्मेट काढत नाही. पाटीचा फोटो काढतो आणि जातो. आणि बुधवारी एसीवाल्याकडे प्रत्येक जिन्नस ताईपेक्षा बरोब्बर एक रुपयानं स्वस्त! तूर एक रुपया कमी, तेल एक रुपया कमी, हळदसुद्धा एक रुपया कमी.

आप्पाचं डोकं तापलं. "त्याचं हेल्मेटच ओढतो!"

"कशाला? ऊन लागेल त्याला," मी म्हटलं.

आखाजीच्या आधीच्या मंगळवारी ताई आत पीठ चाळत होती. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण पाटीपुरती पुरते. खडू घेतला आणि सगळ्यात खाली लिहिलं: 'चांदण्यात वाळवलेलं मीठ, ९० रु. किलो.'

हेल्मेटवाला आला. फोटो. गेला.

बुधवारी आप्पा कॅनॉल रोडवरून जवळजवळ पळतच आला. दम लागलेला, बोलता येईना. शेवटी म्हणाला, "आबा! काचेवर मोठा बोर्ड! पानाचं चित्र! मूनलाइट सॉल्ट! ८९! ओन्ली टुडे!"

गल्लीतल्या बायका गेल्या की बघायला! ग्लोव्ह्जवाली मुलगी सगळ्यांना सांगत होती, "काले आवशे, काले आवशे." उद्या येईल म्हणे! बायका तिथून वैतागून ताईच्या दुकानात आल्या. ताई म्हणाली, "माझ्याकडे असलं मीठ नाही बाई, कधी नव्हतं." पण पायऱ्या चढून आल्याच होत्या, आखाजीची खरेदी व्हायचीच होती. कुणी तूर घेतली, कुणी गूळ, कुणी सांजोरीसाठी रवा. दिवसभर तराजू खाली बसला नाही.

संध्याकाळी ताई माझ्यावर डोळे वटारून म्हणाली, "आबा, ती ओळ पुसा."

"पुसतो," म्हटलं. हात कुठं चालतो या वयात!

दुसऱ्या दिवशी दुपारी हेल्मेटवाला आला. या वेळी गाडी दारातच लावली. हेल्मेट काढलं. आत अगदी साधा, घामाघूम, चांगल्या तोंडाचा माणूस निघाला.

"काकी," हात जोडून म्हणाला, "वो चांदनीवाला मीठ थोड़ा दे दो ना. सेठ की मम्मी ने बोर्ड देख लिया. तीन बार फोन आ गया. बोलती है, उपवास में वही खाऊँगी."

आप्पानं माझा गुडघा दाबला. ही बाई आता खरं सांगणार, आणि सगळ्यावर पाणी पडणार!

ताईनं आधी त्याला माठातलं पाणी दिलं. तो पिईपर्यंत थांबली. पाटीवरची शेवटची ओळ एकदा वाचली, माझ्याकडे एकदा बघितलं. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"अरे भाऊ," ती म्हणाली, "अभी तो अमावस है. चांदना किधर से आएगा? आखाजी होने दो. पूनम के बाद आना."