मामानं पारखलेली गाडी

जमीन प्रकल्पात गेली आणि तिरोड्याच्या मामाच्या हातात जन्मात पहिल्यांदा एकरकमी पैसा आला. मामीचं म्हणणं सरळ होतं. केशोरीकडं धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं, विकायला निघाल्यात, त्या घ्यायच्या. मी स्वतः त्या पाहून आलो होतो. माती चांगली, पाण्याची सोय, मालक शब्दाचा माणूस.

मामाला हवी होती गाडी. तीही कुठली, तर आमच्याच भागातला मुरूम उपसून ज्यानं बंगला बांधला, त्या ठेकेदाराची वापरून टाकलेली. परदेशी बनावटीची, चारही चाकांनी ओढणारी, आत कातडी सीटा. डोंगर चढायला बनवलेली ही वस्तू आयुष्यभर गोंदिया-नागपूर डांबरावर धावली आणि लग्नाच्या मांडवांबाहेर उभी राहिली.

मी तेव्हा पत्रकं वाटत गावोगाव फिरायचो. चळवळीची जुनी जीप ढकलून ढकलून गाडीतलं थोडं कळायला लागलं होतं. म्हणून मामानं मला बरोबर नेलं आणि माझा एक शब्द ऐकला नाही.

मीटर दोन लाखांच्या पुढं गेलेला. ब्रेकच्या पायदानाचं रबर गुळगुळीत, चार टायर चार कंपन्यांचे, इंजिन सुरू केलं की निळा धूर. मी मामाला बाजूला घेतलं. "हिचा एक पार्ट नागपुरात भेटत नाही, मुंबईहून मागवा लागते. अशा गाडीत पहिला मालक रुबाब घेते, दुसरा उरलासुरला रुबाब घेते, तिसऱ्याच्या वाट्याले नुसती दुरुस्ती. नव्याची किंमत डोक्यातून काढा."

"पत्रकातलं नोको बोलू," मामा म्हणाला. "जनावर कोनाच्या कोठ्यातलं हाय, ते पाहा लागते."

ठेकेदार खुर्चीतूनच बोलला, "अरे भाई, ये हाथी है. मरा हाथी भी सवा लाख का."

"म्हणजे मेली आहे, हे तुम्हाला कबूल आहे," मी म्हणालो. तो हसला. माझ्यासारख्यांकडं पाहून हसायची त्या लोकांना सवयच असते.

आमच्याकडं बैल घेताना चिखलात जुंपून पाहतात. मामा तर असा की विकणाऱ्यानं नुसती कां-कूं केली तरी पाठ फिरवून चालू पडायचा. तेच मी मागितलं. बंगल्यामागं पाण्यानं भरलेली बांधी होती. म्हटलं, चारही चाकं ओढतात ना, उतरवून दाखवा.

"कीचड में? नको, नको. खराब होऊन जाईल."

मी मामाकडं पाहिलं. बैलवाला असता तर मामानं त्याच्या सात पिढ्यांची लाज काढली असती. इथं तो माझ्यावरच उखडला. "साहेबाची गाडी चिखलात कायले टाकाले लावतं गा? अक्कल हाय का?"

मग त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला. बैलबाजारातल्यासारखा दोघांनी त्याखाली हात घातला आणि बोटं दाबून भाव चालला. म्हणजे मला काही बोलायचीच सोय उरली नाही. आकडा दिसेल तर त्याला विरोध करता येईल. ठेकेदाराला ही रीत ठाऊक होती. ती ठाऊक असणं, हाच त्याचा अर्धा धंदा. मामानं हात बाहेर काढला तेव्हा त्याच्या तोंडावर असं समाधान होतं, जणू लुबाडणाऱ्यानं त्याला पंगतीत शेजारी बसवून घेतलं.

केशोरीच्या मालकाला नाही सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

"काऊन?" त्यानं विचारलं.

"मामानं गाडी घेतली."

"कोनती?"

मी सांगितलं. वाटलं, हा तरी थुंकेल. तो उठून उभा राहिला. "थे ठेकेदाराची? बापा! बांध्या मी दुसऱ्याले देतो, काही हरकत नाही. पन पोरीच्या लग्नात नवरदेवाले बसवाले गाडी पाठवा म्हना."

निरोप ऐकून मामा दिवसभर खूश होता. त्या साली मामीनं पहिल्यांदा दुकानातून तांदूळ आणला.