जुन्या बत्तीसच्या गोळ्या

हिंगणघाटच्या आमच्या बंदुकीच्या दुकानात किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. गिऱ्हाईक हत्यार काउंटरवर ठेवतं आणि सांगायला लागतं. सव्वीस वर्षं मी ऐकतोय. हसण्यासारखे त्यातले थोडेच निघाले.

दुकान गुलाबभाऊंचं, मी त्यांच्याकडे कामाला. त्यांचा डावा डोळा तरुणपणीच गेला. जुन्या बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्यांनी जास्त जोराच्या नव्या गोळ्या भरल्या आणि पहिल्याच बाराला गोळ्यांची चक्री फुटली. "गोळी तर मस्त बसली होती," एवढंच ते सांगतात. तेव्हापासून दुकानाचा नियम एकच, आधी रिव्हॉल्व्हर दाखवा, मग गोळी मागा.

*

सावंगीचे एक डॉक्टर रिकाम्या हातानं आले. "लायसनवर बत्तीस लिहिलंय. बत्तीसच्या द्या, वेळ नाही."

भाऊ म्हणाले, "बत्तीसमधी आखूड येते, लांब येते, पिस्तुलाची निराळीच येते. तुम्ही पेशंटले रक्त देता, तवा लाल हाये एवढंच पाह्यता का?"

डॉक्टर दुसऱ्या दिवशी रिव्हॉल्व्हर घेऊन आले.

*

एका जिनिंगमालकानं तर कमाल केली. त्याच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये लांब गोळ्यांची टोकं बाहेर राहायची, चक्री अडायची. पठ्ठ्यानं टोकं कानशीनं घासून आणली. "आता पाहा, कशी फिरते!"

भाऊंनी काळा चष्मा काढला आणि त्याच्याकडे बघत बसले. त्यानं सहाही गोळ्या गुपचूप काउंटरवर ठेवल्या.

*

वडनेरची एक शिक्षिका वडील वारल्यावर त्यांचं रिव्हॉल्व्हर जमा करायला आली. आत पिस्तुलाच्या गोळ्या होत्या. बाबा दर दसऱ्याला त्यातूनच एक बार काढायचे म्हणे.

"मंग इतके वर्षं काही झालं काऊन नाई?" तिनं विचारलं.

"नशीब चालत होतं, बाई," भाऊ म्हणाले. ती स्टुलावर बसली आणि रडायला लागली. आम्ही तिला पाणी दिलं.

*

आणि दादाराव. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, धाकट्या भावाशी, पुंडलिकशी, त्यांचं वैर. रिव्हॉल्व्हर आजोबांचं, आखूड गोळीचं. दर दिवाळीला येऊन स्पष्ट सांगायचे, "सहा नाई मिळाल्या तरी चालते. मले एकच पाह्यजे. पुंडलिकसाठी."

भाऊ रिव्हॉल्व्हर बघायचे, पुसून परत द्यायचे. "आखूड गोळी बनणंच बंद झालं, दादाराव. दुसरी मी देत नाई." नऊ वर्षं हेच चाललं. मला वाईट वाटायचं ते पुंडलिकचं. गोळी दुसरीकडे मिळाली तर काय, हा विचार दिवाळी जवळ आली की यायचाच.

यंदा दादाराव आले ते पुंडलिकचा हात धरून. दादारावांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. सहा महिने पुंडलिकनंच अंघोळ घातली, घास भरवला. रिव्हॉल्व्हर कायमचं जमा करायचं होतं.

"बरं झालं, तुमच्याकडं गोळी नव्हती," दादाराव अडखळत म्हणाले.

भाऊंनी तिजोरी उघडली. आखूड गोळ्यांचं जुनं, न फोडलेलं पुडकं काढून त्यांच्यापुढं ठेवलं.

दादारावांनी पुडक्याशेजारी रिव्हॉल्व्हर ठेवलं. मग पुंडलिकला म्हणाले, "चाल, घरी चाल."