खिंडीतली जागा

एव्हर्ट हॅग्लंड कुंपणे घालत असे. मोंटानाच्या आमच्या खोऱ्यात ज्या कुरणाची तार अजून ताठ उभी आहे, तिला कधी ना कधी त्याचा हात लागलेला असतो. खडकाळ जमिनीत खांब रोवताना तो पहारीशी बोले, खांबाशी बोले, आणि आसपास कोणी नाही असे पाहून देवाशीही बोले. रविवारी चर्चमध्ये तो मागच्या बाकावर बसे. स्तोत्र म्हणताना त्याचा सूर लागत नसे, पण ओठ थांबत नसत. अशा माणसाची भक्ती शेजाऱ्याला ऐकू जात नाही. जिथे जायची तिथे मात्र ती पोचते.

ऑक्टोबर सरता सरता शिकारीचा मोसम उघडला, की हाच एव्हर्ट दोन मित्रांसह डोंगरात जाई. एक डॉयल प्रुएट, गावातल्या पशुखाद्याच्या दुकानाचा मालक, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या हसण्याचा. दुसरा मर्ल टॅकेट, शाळेची बस चालवणारा, ज्याच्या जिभेला ‘नाही’ हा शब्द कधी जमलाच नाही. तिघे एका वर्गात शिकले, एका नदीत पोहले, एकमेकांच्या लग्नांत एकमेकांचे कोट घालून उभे राहिले. बेल ओढ्याच्या काठी, एका जुन्या स्प्रूसच्या झाडाखाली त्यांचा तंबू लागे. सामान एव्हर्टच्या खेचरावरून येई. मोसम संपला की कॉफीची किटली दोरीने त्याच झाडाला टांगत, आणि किटलीच्या पोटात तिघांचे तीन पत्र्याचे मग ठेवत. पुढच्या वर्षी येणार, याची ती खूण. शपथ नाही, करार नाही. फांदीला किटली आहे, तेवढे पुरे होते.

हरणांची शिकार ज्याने त्याने आपली आपण करावी. उघड्या उतारावर ती चरायला येतात, माणूस दबकत जातो, साधले तर साधले. एल्कची गोष्ट निराळी. घोड्याएवढे ते जनावर डोक्यावर शिंगांचे झाड घेऊन दाट पाइनमध्ये असे नाहीसे होते, की कधी नव्हतेच म्हणावे. त्याला उठवायला हाका घालावा लागतो. एकाने झाडीत शिरायचे, उन्मळून पडलेल्या खोडांवरून चढायचे, उतरायचे, फांद्या मोडायच्या, कळप उठवायचा. बाकीच्यांनी वर खिंडीत बंदूक मांडीवर घेऊन बसायचे. उठलेला कळप खिंडीकडेच धावतो.

झाडीत कोण शिरणार, हा प्रश्न त्या तिघांत कधी निघालाच नाही. एव्हर्ट शिरे. आमच्याकडे हाका घालणाऱ्याला थट्टेने कुत्रा म्हणतात, आणि झाडीची वरची कड आली की एव्हर्ट खरोखरच भुंके, म्हणजे हलत्या फांदीवर कोणी गोळी झाडू नये.

“आला रे आपला कुत्रा!” वरून डॉयल ओरडे. “ये ये, हाड ठेवलंय तुझ्यासाठी!”

एव्हर्टही हसे. प्रेमाने ठेवलेले नाव माणूस अंगावर दागिन्यासारखे मिरवतो. नर खिंडीच्या अलीकडेच पडलेला असे, आणि एव्हर्ट तिथेच बाह्या सारून सोलायला बसे. मांसाचे तीन वाटे सारखे होत, त्यात कधी खोट नव्हती. पण वर चढून, खिंडीत बसून, पलीकडचे खोरे त्याने कधी पाहिले नव्हते. तिथून दोन नद्या एकत्र येताना दिसतात, असे त्याने मित्रांच्या तोंडून ऐकले होते. ऐकून ऐकून ते दृश्य त्याच्या मनात इतके उजळले होते, की पहार मारता मारता तो कधी कधी थांबून त्याच्याकडे पाहत राही.

मग त्याचा गुडघा गेला. डॉक्टरने सांगितले, हिवाळ्यात नवा बसवू, पण डोंगर विसरायचा. त्या उन्हाळ्यात एव्हर्टच्या ओसरीत तिघे बसले होते. त्याची बायको सिग्ने सफरचंदाचा केक कापत होती.

“एक मागू का?” एव्हर्ट म्हणाला.

“माग की. केक सोडून काय पण माग,” डॉयल म्हणाला.

“माझा हा शेवटचा मोसम आहे. एकदा खिंडीत बसावं म्हणतो.”

डॉयलने ताटली खाली ठेवली, उठला आणि एव्हर्टच्या खांद्यावर हात ठेवला. “अरे लेका, एवढंच ना? खिंड तुझी! बोललो म्हणजे बोललो. मर्ल, यंदा तू कुत्रा.”

“मला भुंकता कुठं येतं रे?”

“तुझ्या बसमधली पोरं शिकवतील की!”

सगळे हसले. सिग्ने नवऱ्याला म्हणाली, “मग तिथून कसं दिसतं ते मला नीट येऊन सांग. दर वर्षी नुसते रक्ताचे कपडे आणून टाकतोस धुवायला.”

“सांगेन,” तो म्हणाला. “सगळं सांगेन.”

खांद्यावरचा तो हात तेव्हा खरा होता, असे मला मनापासून वाटते. देव माणसाला एकदम खोटे होऊ देत नाही. परतायला वाट ठेवतो, वेळ देतो. पण पुढच्याच महिन्यात, भरकटलेल्या गाई शोधताना डॉयलला त्या झाडीच्या कडेला एक नर दिसला. असा नर माणसाला आयुष्यात एकदा दिसतो. शिंगे पाठीमागे टाकून चालला, की वाटावे झाडच चालले आहे. डॉयलने ती गोष्ट एव्हर्टला सांगितली नाही. मर्लला सांगितली.

मोसम उघडला. पहिले काही दिवस हरणांचे गेले, हसतखेळत गेले. मग एल्कची सकाळ आली. डॉयलने तव्यावरचा पॅनकेक उलटला आणि एव्हर्टकडे न बघता बोलू लागला.

“खिंडीची चढण बघितलीस का? बर्फाची काच झालीय. तुझा गुडघा तिथे सरकला तर खाली कोण आणणार तुला? मर्ल?”

“माझी पाठ बघ आधी,” मर्ल पुटपुटला.

“म्हणून म्हणतो, तू खाली खडकापाशी बस. झाडीच्या खालच्या कडेला. मर्ल वरून शिरेल आणि कळप तुझ्याकडे लोटेल. मी खिंडीत बसतो, नुसता बूच म्हणून, वर पळू नयेत एवढ्यासाठी. खिंड नाही तर नाही, नर तुझा.”

एव्हर्टच्या हातातला घास थांबला. ज्या जागेसाठी जीव झुरला, ती अशी एका वाक्यात गेली. पण बोलणारा मित्र होता, आणि काळजी गुडघ्याची होती.

“आणि वारा?” त्याने एवढेच विचारले.

“पहाटेचा वारा उतरताच असतो ना. तुझा वास ओढ्याकडे जाईल. मर्ल उजाडताच शिरतोय, ऊन यायच्या आत काम झालेलं असेल.”

डोंगरात राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. रात्रीची थंड हवा पाण्यासारखी खाली वाहते, आणि उतारावर ऊन पडले की तीच हवा उलटून वर चढू लागते. एल्क डोळ्यांवर एकदा अविश्वास दाखवील, कानांवर दाखवील, नाकावर कधीच नाही.

“शिरशील ना उजाडताच?” एव्हर्टने मर्लला विचारले.

“हो हो.” मर्ल पाठमोरा तवा घासत होता, आणि फार वेळ घासत होता.

निघताना एव्हर्टने खिशातून कागदाची गुंडाळी काढून मर्लच्या हाती दिली. सिग्नेने बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी आणि साखर लावून बांधून दिल्या होत्या. “ठेव. झाडीत शिरणाऱ्याला फार भूक लागते. मला माहीत आहे.”

खडकापाशी तो बसला. उजाडले. त्याने कान झाडीकडे लावले; काटकी मोडल्याचा आवाज नाही, हाक नाही. मर्ल खोडावरून घसरला असेल का? पाय अडकला असेल का? देवा, तो सरळ माणूस आहे, त्याला सांभाळ. अशी प्रार्थना तो करीत होता. ज्या माणसाने त्याला विकले होते, त्याच्याचसाठी तो हात जोडून बसला होता, आणि मला विचाराल तर त्या सकाळी त्या डोंगरावर ती एकच पवित्र गोष्ट घडली.

ऊन खडकावर आले. थर्मासच्या झाकणातली कॉफी त्याने तोंडाशी नेली, आणि वाफ त्याच्या चेहऱ्यावरून झाडीकडे गेली. त्याने झाकण खाली ठेवले. पुन्हा पाहिले. मानेवर गार झुळूक होती, आणि ती झाडीत शिरत होती. वारा उलटला होता. तो उठणार, इतक्यात आत फांद्या कडाडल्या. खुरांचा धडधडाट उठला, आणि तो धडधडाट त्याच्यापासून दूर, वर, वर, खिंडीकडे गेला. मग गोळी वाजली. मग दुसरी.

हाका पडला होता. झाडीत मात्र कोणी शिरले नव्हते. त्याचा घाम, त्याचा सदरा, त्याचा श्वास झाडीत शिरला होता. या वर्षीही कुत्रा तोच होता. एवढेच, की या वर्षी त्याला ते सांगितले नव्हते.

गुडघा ओढत तो झाडीतून वर चढला. कड आली तेव्हा तो भुंकला नाही, नारिंगी टोपी हातात धरून हलवली. खिंडीत पोचला. बर्फात दोन माणसे बसल्याचे दोन खळगे होते, शेजारी शेजारी, आणि त्यांच्यामध्ये लोण्याचे डाग पडलेला कागद होता. पलीकडे, उन्हात, दोन नद्या एकत्र येत होत्या. ऐकले होते त्याहून ते सुंदर होते.

थोड्या अंतरावर दोघे रक्ताच्या थेंबांशी उभे होते.

“लागलाय!” डॉयल ओरडला. “पण परत झाडीत घुसला बघ. बरं झालं आलास, आता तूच काढशील त्याला.”

“मर्ल,” एव्हर्ट म्हणाला, “तू शिरला होतास?”

मर्लने डॉयलकडे पाहिले. त्याच्या कपड्यांवर पाइनची एक सुई नव्हती. “डॉयल म्हणाला, ऊन चढलं की तुझ्या वासानंच... म्हणजे, तुला त्रास नको म्हणून...”

“सोड ना रे आता!” डॉयल म्हणाला. “जुलैपासून त्या नराच्या मागे आहे मी. असं जनावर पुन्हा दिसत नाही. तुझे डोळे आता ते राहिले नाहीत, चुकवला असतास तू.”

“आणि तू काय केलंस?”

 बर्फावर रक्त होते, नर नव्हता.

एव्हर्टला तिथूनच खाली उतरता आले असते. पण कुठेतरी आत एक जीव कळवळत पडला होता, आणि त्या जिवाने कोणाचे काही बिघडवले नव्हते. तो झाडीत शिरला. कळपाच्या साऱ्या खुरांतून त्याने एका खुराची फरफट वेगळी ओळखली. एका सालीवर रक्ताचा पुसट हात फिरल्यासारखा डाग दिसला, पुढे एक फांदी ताजी मोडलेली. आडव्या खोडांवरून तो बसत, सरकत, गुडघा हातांनी उचलून पलीकडे टाकत गेला. शेवटी नर दिसला. पोटात गोळी घेऊन, शिंगे बर्फात टेकवून तो पडला होता आणि डोळे उघडे होते. एव्हर्ट त्याच्यासमोर टोपी काढून उभा राहिला.

मागून डॉयलची हाक आली. “कुठे आहेस रे? भुंक की! काही दिसत नाही इथे!”

एव्हर्ट थांबला.

“अरे भुंक ना!”

“इथे माणूस आहे,” एव्हर्ट मोठ्याने म्हणाला. “आवाजावर ये.”

डॉयल खरचटत, धापा टाकत आला. नर पाहून त्याचा चेहरा आधी उजळला, मग त्या उघड्या डोळ्यांकडे पाहून विझला. “तू टाक गोळी,” तो म्हणाला. “माझ्याच्यानं होत नाही. परवान्याची तुझी चिठ्ठी त्याच्या शिंगाला लाव हवं तर, म्हणजे शिकार तुझ्या नावावर. घे, तुझाच समज.”

“तू सुरू केलंस. तू संपव.”

डॉयलने संपवले.

मग एव्हर्टने सोलायला मदत केली, कारण मांस वाया घालवणे हा त्या जिवाचा दुसऱ्यांदा घात झाला असता. त्याच्याच खेचरावर ते मांस खाली आले. तीन वाटे झाले. तिसरा त्याने उचलला नाही. शिंगे मर्लने त्याच्यापुढे आणून ठेवली, ती त्याने ओलांडली. तंबू उतरला. डॉयल किटली फांदीला टांगू लागला, तेव्हा एव्हर्ट पुढे आला, झाकण काढले, किटलीतला आपला मग घेतला आणि कोटाच्या खिशात घातला. किटलीत दोन मग एकमेकांवर आपटून वाजले.

“एव्हर्ट,” मर्ल म्हणाला, आणि त्याला रडू फुटले. “काहीतरी बोल ना रे. शिवी तरी दे.”

एव्हर्टने खेचराचा पट्टा आवळला आणि निघाला.

घरी सिग्ने दारातच उभी होती. त्याचे कपडे, रिकामे खोगीर, चेहरा, तिने सगळे पाहिले. त्याने मग टेबलावर ठेवला. तिने तो ओळखला. हात पुढे करून कडेची माती अंगठ्याने पुसली.

“खिंडीत गेला होतास?” तिने हळूच विचारले.

“गेलो होतो.”

“कसं दिसतं तिथून?”

त्याने तो मग टेबलावर पालथा घातला.

“नद्या फार सुंदर दिसतात,” तो म्हणाला. “पण बसायला जागा दोघांचीच आहे.”