बल्ल्यांची गॅलरी आणि पगारी संघ

ओळंब्याची दोरी खांबापासून चार बोटं दूर लटकत होती. सकाळी ती खांबाला चिकटून होती.

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन. भिंत सरळ आहे की नाही, ते गवंडी त्यानं बघतात. ओळंबा कधी तिरका होत नाही. म्हणजे तिरका झाला होता तो खांब. आणि त्या खांबावर, माझ्या डोक्याच्या वर, पाचएकशे माणसं फळ्यांवर बसून हुतूतूची मॅच बघत होती.

मी तेव्हा ओव्हरसियर होतो. पिंपरीला एक मोठा कारखाना उभा राहत होता आणि कामगारांच्या चाळींचं बांधकाम माझ्याकडे होतं. पन्नास-साठच्या मधली ही गोष्ट. आज जिथं पुलावरून मोटारी धावतात तिथं तेव्हा ज्वारी असायची.

आमच्या कामावर वाळू आणि विटा यायच्या त्या दामूशेठच्या ट्रकमधून. दामूशेठ चिंचवडचा. उंच, बोलका, कुणाशीही पाच मिनिटांत घरोबा करणारा माणूस. मुंबईला एकदा गिरण्यांच्या संघांची मॅच बघून आला आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली.

"ओव्हरसियरसाहेब, पिंपरी-चिंचवड आज गाव आहे. उद्या शहर होणार. तुम्हीच बांधताय ना ते? मग शहराला स्वतःचा संघ नको?"

"संघ आहेत की. प्रत्येक तालमीचा आहे."

"ते हौशी. पेरणी आली की गडी गायब. मला पगारी संघ पाहिजे. रोज सराव करणारा. आणि लोकांनी तिकीट काढून बघायला यायचं."

त्यानं तसं खरंच केलं. कुरुळी, रावेत, थेरगाव इथले चांगले गडी वेचले आणि महिन्याच्या पगारावर ठेवले. कप्तान कुरुळीचा सोपान. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. घरची शेती त्यानं धाकट्या भावाच्या हवाली केली होती. ही साधी गोष्ट नव्हती. "खेळून का कुठं पोट भरतं व्हय?" असं म्हणून त्याच्या म्हाताऱ्यानं काही दिवस अबोला धरला होता.

स्टेशनच्या अलीकडे शेठनं मैदान घेतलं. पहिल्या दोन मॅचना गर्दी झाली, पण ती मैदानात नाही. मैदानाच्या पश्चिमेला रेल्वेचा भराव आहे. गावंच्या गावं त्या भरावावर बसली. तिकीट काढून आत आले ते मूठभर.

म्हणून शेठला गॅलरी हवी होती. उंच बसायला मिळालं तर लोक तिकीट काढतील, असा हिशेब. मी कारखान्यातल्या माझ्या वरच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी करा. साइटवरची एक बल्ली तिकडे जायला नको. आणि काही झालं तर रिस्पॉन्सिबिलिटी तुमची."

गॅलरी मी भरावाच्या बाजूला उभी केली. कारणं दोन. बघणाऱ्यांच्या पाठीला ऊन येतं, आणि भरावावरून दिसायचं थोडं कमी होतं. साल झाडाच्या बल्ल्या, म्हणजे लांब गोल वासे, वर पायऱ्यांसारख्या फळ्या, सगळं काथ्याच्या दोरीनं बांधलेलं. इमारतीची परांची बांधतात तसंच. आमच्या साइटवरचा गोविंद सुतार, मूळचा चिपळूणकडचा, त्यानं माणसं लावून ते काम केलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. लोकांना वाटतं, असं बांधकाम वजनानं मोडतं. वजन सहसा बल्ली सहज पेलते. धोका असतो तो आडवा. चार काड्यांची टोकं बांधून चौकोन करा आणि बाजूनं बोटानं ढकला. चौकोन कलंडतो. आता त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाचवी काडी तिरकी बांधा. मग हलत नाही. बांधकामात त्या पाचव्या काडीला ब्रेसिंग म्हणतात, आमचे सुतार तिरका टेका म्हणत. गॅलरीखाली प्रत्येक दोन खांबांत आम्ही असे टेके घातले होते.

तिसरी मॅच मुंबईच्या एका नावाजलेल्या संघाशी होती. सकाळी मैदानावर गेलो तर गॅलरीची पाठ वरपासून खालपर्यंत झाकलेली. शेठनं आपल्या सगळ्या ट्रकच्या ताडपत्र्या काढून एकाला एक जोडून बांधल्या होत्या.

"शेठ, हे काय?"

"भरावावरून आता काही दिसणार नाही. ज्याला बघायचंय तो गेटातून येईल."

"वारा धरेल हे. होडीच्या शिडासारखं. मी गॅलरी माणसांसाठी बांधली, वाऱ्यासाठी नाही."

"सकाळपासून पान हललंय का?"

"चैतातला वारा दुपारनंतर सुटतो."

शेठ जवळ आला, आवाज खाली आणला. "ताडपत्री काढली तर तिकीट कोण काढणार? आणि तिकीट नाही तर पोरांचा पगार मी कुठपर्यंत खिशातून देऊ? आज मैदान भरलं तर संघ राहील. नाही तर आजची मॅच शेवटची. सोपानला तुम्ही सांगा तसं."

मी गोविंदला घेऊन खाली एकेक टेका हलवून पाहिला. सगळे पक्के होते. शेठला म्हणालो, "टेके शाबूत आहेत तोवर चालेल. पण वारा वाढला तर मी ताडपत्री कापणार. तेव्हा अडवायचं नाही."

"कबूल," शेठ म्हणाला. एका कोपऱ्याच्या खांबाला मी ओळंबा टांगला.

दुपारी मैदान खरंच भरलं. गॅलरी गच्च. पलीकडे खुर्च्यांवर कारखान्याचे अधिकारी. शेठ हात जोडत फिरत होता. खेळही रंगला. सोपान चढाईला गेला की लोक बसल्या जागेवरून उठत आणि तो परतला की एकदम खाली बसत. पाचशे माणसांचं ते उठणं-बसणं मला पायांत जाणवायचं.

मग वारा सुटला. आधी धूळ आली, मग ताडपत्री ढोलासारखी फुगली आणि बदकन आपटली. मी ओळंब्याकडे गेलो. चार बोटं.

गोविंद वाकून गॅलरीखाली शिरला आणि लगेच बाहेर आला. चेहरा उतरलेला.

"सायेब, तिरके टेके नाय."

"नाही म्हणजे?"

"मधले सगळे सोडलेन. बल्ल्या बाजूला टाकल्यान हायत. आत माणसं बसलीत."

मी वाकून पाहिलं. ताडपत्री खालून उचलून तीसेक माणसं आत घुसली होती आणि फळ्यांच्या फटींतून मॅच बघत होती. तिरके टेके वाटेत येत होते, म्हणून त्यांनी दोऱ्या सोडून ते काढून ठेवले होते. कुणाचाही वाईट हेतू नव्हता. त्यांना फक्त तिकीट काढायचं नव्हतं.

त्यांना गोविंदनं गोडीनं बाहेर काढलं, पण कललेल्या खांबांत ते टेके आता परत बसणार नव्हते. मी शेठकडे गेलो. हाफ-टाइमला थोडाच अवकाश होता.

"शेठ, गॅलरी रिकामी करायची."

"आत्ता? आपण पुढे आहोत."

"मधले टेके गेलेत. गॅलरी मैदानाकडे कललीय."

शेठनं गॅलरीकडे पाहिलं. लोक उठले, बसले. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण म्हणाला, "लाउडस्पीकरवर सांगू?"

"तेच नको. पडतेय म्हटलं की सगळे एकदम पळतील. जिना एकच आहे, उत्तरेच्या टोकाला. पाचशे माणसं एका बाजूला धावली तर ती धावच गॅलरी पाडेल."

"मग?"

काय करायचं नाही एवढंच मला माहीत होतं. माणसं हळू, एकेक रांग करून उतरायला हवी होती, आणि घाबरायला नको होती. तसं त्यांना कोण उतरवणार? माझं कोण ऐकणार होतं?

शिट्टी झाली. गडी बाहेर आले. मी सोपानला बाजूला घेतलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं गॅलरीच्या वरच्या रांगेकडे पाहिलं.

"माजा म्हातारा वर बसलाय," तो म्हणाला. "आज पयल्यांदाच आलाय."

मग त्यानं नजर माझ्याकडे वळवली.

"काय करू ते सांगा, सायेब."

"खालची रांग आधी उतरली पाहिजे, म्हणजे जिन्यावर कोंडी होणार नाही. मग तिच्या वरची. उडी नाही, धाव नाही. आणि गॅलरीच्या पुढ्यात कुणी थांबायचं नाही, पार पलीकडे जायचं."

"म्हंजी म्हातारा शेवटी."

"हो."

तो मैदानाच्या मधोमध गेला. अंगभर माती, छाती अजून वरखाली होत होती. दोन्ही हात वर केले तशी मंडळी शांत झाली.

"मंडळी, पाव्हणं लई दमदार हायेत," तो म्हणाला. "आमाला तुमी जवळ पायजे. गॅलरीत लांब बसून आवाज पोचत न्हाई. पल्याडच्या अंगाला, रेषेला लागून या. तिकीट बिकीट काय न्हाई, समद्यांनी म्होरं बसायचं. पर एक हाय. खालच्या रांगेनं आदी यायचं. मी हात करीन त्या रांगेनं उठायचं. बाकीच्यांनी बूड हलवायचं न्हाई. जी रांग गडबड करंल ती माघारी."

लोक हसले. पुढे बसायला मिळणार म्हणून खूशही झाले. सोपाननं पहिल्या रांगेकडे हात केला. रांग उठली आणि शाळेतल्यासारखी पलीकडे चालत गेली. मग दुसरी.

मी गॅलरीच्या मागे धावलो. ताडपत्री तशीच फुगत होती. ती एका बाजूनं कापली असती तर दुसऱ्या बाजूला हिसका बसला असता. म्हणून गोविंद एका टोकाला गेला, मी दुसऱ्या. खालच्या दोऱ्या आधी, मग दोन्ही टोकांकडून मधे येत वरच्या. माझ्याकडे विळा होता, गोविंदकडे पटाशी. दोरी जाड होती. हाताला घाम सुटला होता आणि विळा निसटत होता. प्रत्येक झोताला वरून लाकडाचा आवाज यायचा. लाकूड मोडण्याचा तो आवाज नव्हता. गाठ सरकण्याचा होता. माझ्या मते तो जास्त वाईट. वर बसलेल्या कुणीतरी विचारलं, "काय चाललंय रं खाली?" गोविंद म्हणाला, "काय नाय, वारा खाया देतो तुम्हाला."

मधल्या रांगा उतरल्या. मग वरच्या. शेवटची रांग उठली तेव्हा सोपान स्वतः गॅलरीपाशी आला होता. एक काटकुळा म्हातारा काठी टेकत सावकाश जिन्याची एकेक पायरी उतरत होता. सोपान त्याला हात द्यायला पुढे झाला नाही. वर चढला असता तर गॅलरीवर त्याच्या वजनाची भर पडली असती. तो नुसता खाली उभा राहिला. म्हातारा जमिनीवर आला आणि म्हणाला, "एवढा येळ कशापायी बशिवलं रं? समद्यात मागं जागा मिळंल आता."

शेवटची दोरी मी कापली. ताडपत्री कोसळली आणि पोकळ गॅलरीतून वारा पलीकडे गेला. भरावावरच्या लोकांना अचानक सगळं मैदान दिसलं. त्यांनी असा आवाज केला की मुंबईचे गडी वळून बघू लागले.

गोविंदनं गॅलरीभोवती दोर बांधून माणूस उभा केला. दुसरा हाफ खेळला गेला. मैदान तिन्ही बाजूंनी माणसांनी वेढलेलं, खुर्च्यांवरच्या अधिकाऱ्यांना पाठीच दिसत होत्या. आमचा संघ दोन गुणांनी जिंकला. इतका आनंद मी त्या गावात परत पाहिला नाही.

गॅलरी पडली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती सोडवायला घेतली तेव्हा शेठ आला. त्यानं खांबांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "पडली तर नाही."

"नाही पडली."

"मग विनाकारणच झालं का सगळं?"

"असेल. रांगा बसलेल्या असताना तपासून बघायची माझी तयारी नव्हती."

पुढच्या मॅचला तिकिटासाठी गेटावर कुणी थांबलंच नाही, सगळे सरळ रेषेपाशी येऊन बसले. एकदा रेषेला लागून फुकट बसलेला माणूस परत तिकीट कशाला काढेल? शेठनं मला विटांचं कंपाउंड आणि सिमेंटच्या पायऱ्या यांचा एस्टिमेट करायला सांगितला. मी केला. त्यानं वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "एवढी तिकिटं विकायला गाव आधी शहर व्हायला पाहिजे. आणि मला वाटलं होतं, संघ असला की गाव शहर होईल." पावसाळ्याआधी त्यानं संघ मोडला. गड्यांचा पगार मात्र शेवटपर्यंत थकवला नाही.

पुढे बहुतेक गडी कारखान्यात लागले. साहेबांना मॅच आवडली होती, पाठीच दिसल्या तरी. कंपनीचा संघ झाला. सोपान मला पॅकिंग खात्यात भेटला.

"बरं चाललंय?" मी विचारलं.

"नोकरी पक्की हाय. म्हातारा खूश हाय." मग म्हणाला, "पर सायेब, सात गडी तीन शिफ्टमंदी इखुरल्यात. समदे एका टायमाला मैदानात घावत न्हाईत."

त्यानंतर मी पुष्कळ मांडव, स्टेज आणि गॅलऱ्या तपासल्या. बांधणारा दर वेळी सांगायचा, "साहेब, तात्पुरतं आहे." मी त्याला सांगायचो, तात्पुरतं म्हणजे थोडे दिवस टिकणारं. तेवढे दिवस त्यावर बसणाऱ्या माणसांचं वजन काही तात्पुरतं नसतं.