गेलेल्या स्कॅनरची चौकट

माझ्या सासऱ्यांना आमच्या गल्लीत कोणी नावाने ओळखत नाही. तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढ-उतर केलेला हा माणूस निवृत्तीनंतरही खिशात पक्कड ठेवून हिंडतो, म्हणून सगळे त्यांना पक्कडराव म्हणतात. चष्मा विसरतील, पक्कड नाही. कॉम्प्युटर ते साठीनंतर शिकले आणि तेव्हापासून घरातल्या एकाही यंत्राला त्यांनी सुखाने जगू दिलेलं नाही.

मी घरी बसून पुस्तकं टाइप करते. जुना स्कॅनर बंद पडला तेव्हा त्यांनी तो माळ्यावर टाकला, आणि मला न विचारता माझ्या कॉम्प्युटरमधलं त्याचं फोल्डरही डिलीट केलं. "बघ सूनबाई, किती जागा झाली!" जागा झाली खरी, पण दुसऱ्या दिवसापासून कोणतीही फाइल उघडली की आधी एक चौकट यायची: स्कॅनर इन्स्टॉल होत आहे, डिस्क घाला. तीनदा 'रद्द' दाबलं की जायची आणि पुढच्या फाइलला पुन्हा हजर. चार दिवसांत माझं डोकं फिरलं. सासऱ्यांना मी बोलू नये ते बोलले.

नवऱ्याने दुकानात फोन लावला. मेकॅनिक चार वाजता येऊन सगळं पुसून नव्याने भरून देणार होता. फोन ठेवून तो म्हणाला, "बाबा, यापुढे कॉम्प्युटरला हात लावायचा नाही." ज्या माणसाने घटकाभर तरी गप्प बसावं म्हणून आम्ही वर्षानुवर्षं हात जोडले, तो गप्प बसलेला मला बघवेना.

"बाबा, चारला अजून दोन तास आहेत," मी म्हणाले.

ते खुर्चीत बसले. चौकट आली. या वेळी त्यांनी ती रद्द केली नाही, नुसते बघत राहिले. मग कपाळावर हात मारला.

"अगं, मी घरातली वायर कापली, खांबावरची जोडणी तशीच! याच्या यादीत स्कॅनर आहे आणि सामान गायब. मग मागणारच ना ते?"

हाताखालच्या माणसांवर 'दोन्ही टोकं सोडवा रे' म्हणून जन्मभर ओरडलेल्या माणसाने एकच टोक तोडलं होतं.

उपाय सरळ होता. स्कॅनर पुन्हा इन्स्टॉल करायचा, मग रीतसर अनइन्स्टॉल. पण डिस्क? ती कबुतरं पळवायला बाल्कनीत टांगलेली, तीही यांनीच. स्टुलावर चढून त्यांनी पक्कडीने तार तोडली, डिस्क सदऱ्याला पुसली. कॉम्प्युटरने ती दोनदा बाहेर ढकलली, तिसऱ्यांदा घेतली. इन्स्टॉल झालं, काढून टाकलं, यंत्र बंद करून चालू केलं. मी एक फाइल उघडली, दुसरी, पाचवी. चौकट नाही.

बेल वाजली. सासरे पुन्हा स्टुलावर चढून डिस्क जागेवर टांगत होते. नवरा उठला, पण दार मी उघडलं. समोर मेकॅनिक, पाठीला बॅग.

"तुम्हाला उगाच हेलपाटा पडला," मी म्हणाले. "आमच्या घरातच मेकॅनिक आहे."

बाल्कनीत पक्कड खाली पडली. तीस वर्षांत खांबावरून एकदाही पडली नव्हती, असं नंतर ते स्वतःच सांगत होते.