फरशीवर पोरं, बाकावर पोरी

देव अक्कल वाटत होता तेव्हा आमच्या गावचे पुरुष पारावर गप्पा हाणत बसले होते, असं मी आजही म्हणते. नवऱ्याच्या तोंडावर म्हणते. त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे, माझं घरातच शिलाईचं काम. घनसावंगी तालुक्यातलं मोठं गाव आमचं, बाजारही मोठा भरतो. तोंडं तर त्याहून मोठी.

शाळा पाचवी ते आठवी. आजूबाजूच्या वस्त्यांवरची पोरंही तिथंच येतात. त्यात दोन खोल्यांचं छत गळायला लागलं म्हणून त्यांना कुलूप ठोकलं. मंग राहिलेल्या खोल्यांत पोरं अशी कोंबली की एका बाकावर चौघं, आणि उशिरा येईल तो व्हरांड्यात. माझी पोरगी सातवीला. सकाळी मला पाणी भरायला लागायची, म्हणून रोज उशिरा पोचायची. खिडकीखाली बसून आतलं ऐकायचं आणि वहीत उतरवायचं, असं तिचं शिक्षण चाललं होतं. फळा दिसायचाच नाही. अपूर्णांक ऐकून कुणाला येतात का? तिला गणितात भोपळा मिळाला की तिचा बाप म्हणायचा, पोरींना गणित जमत नसतं.

गर्दीचं काय करायचं म्हणून हेडमास्तरांनी पालकांची सभा घेतली. कडुनिंबाखाली पुरुष पुढं खुर्च्यांवर, आम्ही बाया मागं सतरंजीवर. एकेकानं उचलली जीभ लावली टाळ्याला. एक म्हणाला, "बाहेरगावची पोरं काढून टाका, बराबर जागा होती." बोलणारा घरजावई. म्हणजे बाहेरगावचा तोच. दुसऱ्यानं दोन पाळ्यांना नकार दिला, कारण सकाळची शाळा झाली तर त्याच्या घरी चहा उशिरा होईल. सगळ्यात जास्त वेळ कोण बोलला, तर ज्याचा पोरगा इंग्रजी शाळेच्या गाडीत बसून जातो तो. त्याला आमच्या शाळेची फार काळजी. अशा माणसांना गाव पुढारी म्हणतं आणि मी काय म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हेडमास्तर बिचारे खाली मान घालून ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले, "मंदिराचा सभामंडप रिकामाच असतो. दोन वर्ग तिथं बसवले तर?"

सभामंडप लोकवर्गणीतला. नवीन जालन्यातल्या एका मारवाडी शेठजीनं फरशी दिलेली, पांढरीशुभ्र. वर्षातून एक हरिनाम सप्ताह झाला की पुढच्या सप्ताहापर्यंत तिथं कबुतरं आणि दोन-तीन झोपाळू म्हातारे. नाही म्हणायला कारण सापडेना. तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक आजोबा खाकरले. म्हणाले, "पाचवी-आठवीच्या पोरी म्हंजी मोठ्या पोरी. कवा कुणाची काय अडचण असंल, सांगता येतंय का? देवाच्या दारात नको."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पाळी हा शब्द कुणाच्या जिभेवर येईना, पण अडचण म्हणलं की सगळ्यांना बिलकुल समजलं. मंग ठरलं काय, तर पोरांनी मंदिरात बसायचं आणि पोरी शाळेतच राहू द्यायच्या. देवाला विटाळ नको. हात वर करा. झाडून सगळ्यांचे हात वर. माझा तर सगळ्यांच्या आधी. शेजारी बसलेली माझी जाऊ कुजबुजली, "तुम्हाला पटलं व्हय हे?" मी पदर तोंडाला लावून हसत होते. बाक सगळे शाळेत होते. मंदिरात नुसती फरशी. हे त्या शहाण्यांच्या ध्यानातच आलं नाही.

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले. बाकावर दोघी-दोघी बसायला लागल्या. पोरगी घरी आली की पोळीच्या तुकड्यानं अपूर्णांक समजावून सांगायची, आणि तेही मला, जिची अर्धी जिंदगी पाऊण मीटर, सव्वा मीटर कापण्यात गेली. म्हणायची, "आई, सर फळ्यावर गोल काढतेत, अन् त्याचे भाग करतेत. मला वाटायचं, नुसतं बोलतेत." मी कात्री बाजूला ठेवून ऐकत राहायचे. एवढा आनंद मला तिच्या जन्माच्या वेळीही झाला नव्हता, कारण तेव्हा सासूबाई तोंड पाडून बसल्या होत्या.

तिकडं पोरांचे हाल. फळा खांबाला टेकवलेला, तो घसरायचा. जो दर्शनाला येईल तो घंटा वाजवणार, की वर्ग थांबला. माझा धाकटा पाचवीला, तोही तिथंच. पण तो घरी येऊन प्रसादाचं सांगायचा. त्याची काही तक्रार नव्हती. दिवाळी झाली, थंडी पडली, फरशी गार पडायला लागली. एक बाप पोरीचा डबा द्यायला शाळेत गेल्ता, त्यानं पोरी बाकावर बसलेल्या पाहिल्या. तिथून मंदिरात गेला तर त्याचं पोरगं पायाखाली दप्तर घेऊन बसलेलं. झालं. गावभर बोंब. पोरी बाकावर अन् पोरं फरशीवर, हा कुठला न्याय? जणू हे मुंबईहून कुणी ठरवून पाठवलं होतं.

पुन्हा सभा. तीच माणसं, त्याच खुर्च्या. आपण काय ठरवलं होतं हे एकालाही आठवेना. ठराव झाला की पोरांनी वर्गात यायचं, बाकावर बसायचं. मंदिरात पोरी चालत नाहीत, तेव्हा पोरींनी व्हरांड्यात. आधी उशिरा येईल तो बाहेर बसायचा. आता पोरगी आहे म्हणून बाहेर.

मी उठले. म्हणाले, "पोरं आत, पोरी बाहेर, अन् एवढी मोठी फरशी कुणासाठी ठेवता? कबुतरांसाठी? कबुतरांना अडचण येत न्हाई व्हय?"

मागं एक-दोन बाया खुदकन हसल्या आणि लगेच खाली बघायला लागल्या. घरजावई मागं वळून मला म्हणाला, "वहिनी, तुम्हाला पण पोरगा हाय ना? त्याचा तर विचार करा." मी म्हणाले, "त्याचाच करून राह्यले. बहिणीला बाहेर बसवून हा आत काय शिकणार, तुमच्यासारखं बोलायला?"

"हात वर करा," कुणीतरी ओरडलं. पुरुषांचे हात वर गेले. माझा नवरा दुसऱ्या रांगेत होता. त्यानं आपल्या चपलांकडं पाहत हात वर केला. त्याचं मला फारसं वाटलं नाही, तो भाव बघून हात वर करणारा माणूस आहे. पण मी मागं वळून पाहिलं. सतरंजीवर बाया पदर सावरत एकेक हात वर करत होत्या. माझ्या जावेनंही केला. तिची पोरगी माझ्या पोरीच्याच बाकावर बसायची. मी तिच्याकडं पाहिलं तर ती म्हणाली, "काय करता जाऊबाई, पोराला सर्दी झालीया." पुरुषांना मी कधी माणसात धरलंच नव्हतं. त्या दिवशी बायांचाही तेवढाच वीट आला.

तशीच तणतणत घरी आले. पोरगी अंगणात खताच्या दुकानातला रिकामा तागाचा बारदाना झटकत होती. झटकला आणि नीट चौघडी घातली, बसायला होईल अशी. सभेतलं तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. मी म्हणाले, "ठेव ते. उद्या तू बाकावरच बसायचं. कोण उठवतो ते मी बघते."

तिनं वर पाहिलंही नाही. "राहू दे ना आई," म्हणाली. "पोरांना थंडी सोसत न्हाई. आमचं काय, आम्हाला चालतंय."

मी तिच्या हातातून बारदाना हिसकला आणि चुलीत घातला. तो धुमसायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरानं आलं नव्हतं. तिनं चप्पल घातली आणि बापाच्या दुकानातून दुसरा बारदाना आणायला गेली.