चार तासांची पाटी

थोरली आणि धाकटी ही दोन शिखरं वस्तीपासून लांब, रुसलेल्या जावांसारखी एकमेकींकडे पाठ करून उभी. दोघींवरून जाणाऱ्या वाटेवर दगडादगडावर पांढरे बाण काढायचे, पायथ्याच्या पाट्या रंगवायच्या, हे पेंटरकाकांचं तीस वर्षांचं काम. त्यातली एक पाटी म्हणजे त्यांच्या काळजाचा तुकडा. ‘दोन्ही शिखरं करून परत : चार तास.’ ते चार तास काकांनी स्वतःच्या पायांनी मोजले होते. तेव्हा वय बत्तीस.

अलीकडे मात्र उतरणारे लोक काकांना गाठून भांडायचे. “चार तास कुणाचे हो? शेळीचे?”

शेवटी डोंगरवाटांची देखभाल बघणाऱ्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, “काका, रविवारी पुन्हा चालून मोजा. नाहीतर पाटी उतरवते.”

काका घरी येऊन धुसफुसले. “लोकांना बसायची सवय लागलीय. पाटीनं काय घोडं मारलंय?”

काकू म्हणाल्या, “मीही येते. इतकी वर्षं डबा भरतेय, जातो कुठं ते तरी बघू.”

काकांनी ‘ऊन फार असतं’ म्हणून टाळून पाहिलं. गुडघे कुरकुरतात, हे त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं.

रविवारी सातला निघाले. काकू दर बाणापाशी थांबायच्या.

“हा वाकडा आलाय.”

“वारा होता त्या दिवशी.”

“आणि हा?”

“दगडच वाकडा आहे!”

धाकटी करून खिंडीत सावलीला डबा सुटला. काका मनातून खूश. उशीर होतोय तो बायकोमुळे, आपली अब्रू झाकलेली! थोरलीच्या माथ्यावर काकूंनी पदरानं तोंड पुसलं.

“मी दर बाणाला थांबले म्हणून तुमचे गुडघे टिकले ना? जिना कठडा धरून उतरता, मला दिसत नाही होय?”

काका ओशाळले. मग त्यांना असं काही हसू फुटलं, की तिथंच बसकण मारली.

पायथ्याशी आले तेव्हा दोन वाजले होते. काकांनी कुणी सांगायच्या आत रंगाचा डबा उघडला, ‘चार’ पुसलं आणि लिहिलं : ‘सात तास. जेवण धरून.’

पुढच्या रविवारी काका-काकू पायथ्याशी बसले असताना एक तरुण जोडपं छाती काढत खाली आलं. “काका, सातची वाट आम्ही सहात मारली!”

“शाब्बास!” काका म्हणाले, आणि काकूंकडे झुकून पुटपुटले, “जेवले नसतील.”